जोगची २८ मिनिटे : पंडित रविशंकर यांची ‘थ्री रागाज’

महाराष्ट्रात ख्यालगायकी ऐकत वाढलेल्या श्रोत्याच्या मनात पंडित रविशंकर यांच्याविषयी आदर पुष्कळ असतो, पण ओढ त्या मानाने कमी असते, हे मी स्वतःवरून सांगते. आमच्या घरी सतारीचा विषय निघाला की उस्ताद विलायत खाँ यांचे नाव आधी येई. त्यांची सतार गाते, असे वडील म्हणत, आणि ज्या घरात संगीताचे मोजमाप गाण्यानेच होते, त्या घरात यापुढे काही बोलायचे उरत नाही. रविशंकरांकडे आम्ही लयीवर हुकमत असलेला, हिशेबाचा पक्का आणि आपल्या संगीताला परदेशात मान मिळवून देणारा थोर कलावंत म्हणून पाहत आलो; त्यांचे काही आपण डोळे मिटून, घड्याळ विसरून ऐकले आहे का, हा प्रश्न मात्र घरात कुणी विचारला नाही. ‘थ्री रागाज’ या त्यांच्या पहिल्या लाँग प्ले ध्वनिमुद्रिकेने, आणि त्यातही तिच्या एका बाजूवर असलेल्या जोग रागाने, माझा हा ग्रह पुरता बदलला. ही ध्वनिमुद्रिका आपल्याकडच्या रसिकांनी फारशी ऐकलेलीच नाही, असे मला गेली काही वर्षे जाणवत आहे, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

ध्वनिमुद्रिका १९५६ मध्ये लंडनला तयार झाली. सतारीवर रविशंकर, तबल्यावर पंडित चतुरलाल आणि मागे तानपुरा, एवढाच संच आहे. राग तीन आहेत : पहिल्या बाजूवर सुमारे २८ मिनिटांचा जोग, दुसऱ्या बाजूवर सुमारे १५ मिनिटांचा अहीर भैरव आणि ११ मिनिटांचा सिंहेंद्रमध्यमम्. पुढे अमेरिकेत ती वर्ल्ड पॅसिफिक या लेबलने काढली, नंतर ती एंजल लेबलच्या सीडीवर आली आणि आज ती स्ट्रीमिंग सेवांवरही सहज सापडते.

तेव्हा रविशंकर ३६ वर्षांचे होते, म्हणजे ते नवखे वादक नव्हते. लहानपणी थोरले बंधू उदयशंकर यांच्या नृत्यपथकातून युरोप पाहिलेला हा मुलगा १९३८ मध्ये ते सगळे वैभव मागे ठेवून बाबा अलाउद्दीन खाँ यांच्याकडे मैहरला शिकायला गेला, तिथे सहा-सात वर्षे राहिला, मग मुंबईत येऊन इप्टा या नाट्यसंघटनेसाठी काम करू लागला. ‘सारे जहाँ से अच्छा’ची आज सर्वांच्या ओठांवर असलेली चाल त्या मुंबईच्या दिवसांतली आहे. १९४९ पासून ते दिल्लीला आकाशवाणीत वाद्यवृंदाचे काम पाहत होते. १९५६ च्या आरंभी त्यांनी ती नोकरी सोडली आणि सतार घेऊन ते इंग्लंड, जर्मनी व अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. ही ध्वनिमुद्रिका त्या दौऱ्यातली आहे. स्थिर नोकरी नुकतीच सुटलेली, पुढे काय होणार याची खात्री नाही आणि समोरच्या श्रोत्याला राग म्हणजे काय हेही ठाऊक नाही, अशा अवस्थेत हा माणूस स्टुडिओत बसला होता. हे लक्षात ठेवून जोग ऐकला की त्यातला निवांतपणा अधिकच थक्क करतो.

आधीच्या वर्षीची एक गोष्ट इथे सांगायला हवी. १९५५ मध्ये व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन यांनी न्यूयॉर्कच्या कार्यक्रमासाठी आधी रविशंकरांनाच बोलावले होते. त्यांना घरच्या अडचणींमुळे जाता आले नाही आणि त्यांनी आपले गुरुबंधू उस्ताद अली अकबर खाँ यांचे नाव सुचवले. अली अकबर गेले, सोबत चतुरलाल गेले आणि तिथे सिंधुभैरवी व पिलू या रागांची जी लाँग प्ले ध्वनिमुद्रिका निघाली, ती भारतीय शास्त्रीय संगीताची पहिली मानली जाते. तिच्यावर मेन्युइन स्वतः श्रोत्यांना संगीताची आणि वाद्यांची ओळख करून देतात. पाश्चात्त्य श्रोत्याला हात धरून आत नेण्याची ती पद्धत चुकीची होती असे मी म्हणणार नाही, त्या वेळी तिची गरजच होती. पण ‘थ्री रागाज’मध्ये असे कुणी हात धरत नाही. तानपुरा सुरू होतो, सतारीच्या तरफा (मुख्य तारांखालच्या सहकंपी तारा) झंकारतात आणि आलाप, म्हणजे तालाविना होणारा रागाचा संथ विस्तार, सुरू होतो. श्रोत्याला कळेल की नाही, याची चिंता वादनात कुठेही उमटलेली नाही.

आपल्या संगीताला लाँग प्ले तबकडीने काय दिले, याचा विचार स्ट्रीमिंगच्या काळात आपण करत नाही. त्याआधीच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत. अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर यांच्यासारख्यांचे गाणे आपल्यापर्यंत पोचले ते त्या साडेतीन मिनिटांच्या चौकटीतून, आणि त्यांनी त्या चौकटीत जे साधले ते अद्भुतच आहे. पण त्यात रागाचा अर्क हाती लागतो, त्याची वाटचाल ऐकायला मिळत नाही. अत्तराची कुपी आणि बाग यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. गायकाला निदान बंदिशीचे शब्द हाताशी असत. तंतकाराची, म्हणजे तंतुवाद्य वाजवणाऱ्याची, खरी कमाई आलाप आणि त्यानंतरचा तबल्याविना लयीत वाजणारा जोड यांत असते आणि नेमकी तीच साडेतीन मिनिटांत सांगता येत नाही. त्यामुळे सतारीच्या जुन्या तबकड्यांत बहुधा गत (तबल्यासोबतची बांधलेली रचना) आणि तोडे (वेगवान स्वरसमूह) यांचीच चमक ऐकू येते, आणि तंतवाद्य म्हणजे तयारी हा आपल्याकडचा समज पक्का व्हायला तबकडीचा आकारही काही अंशी कारण झाला असावा, असे मला वाटते. अशा वेळी या कलावंताला पहिल्यांदाच एकाच रागासाठी पूर्ण बाजू मिळाली, आणि त्याने ती अगदी काठोकाठ भरली. २८ मिनिटे ही लाँग प्लेच्या एका बाजूसाठी बरीच जास्त आहेत. एवढा वेळ एका बाजूवर बसवायचा तर खोबणी एकमेकींच्या फार जवळ आणाव्या लागतात आणि आवाजाची पातळी कमी ठेवावी लागते. आवाज थोडा दबला तरी चालेल पण राग कापायचा नाही, हाच निर्णय त्यामागे दिसतो, आणि ऐकणाऱ्याच्या बाजूने मी त्याचे मनापासून स्वागत करते.

आता जोगविषयी. हा राग मराठी श्रोत्याला परका नाही. आग्रा घराण्याच्या गवयांनी तो मुंबईच्या मैफिलींत रुजवला, आणि जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणीदास’ यांच्या जोगकंसामुळे तर त्याची सावली आपल्या कानांत कायमची बसलेली आहे. रिषभ आणि धैवत दोन्ही वर्ज्य, निषाद कोमल, आणि गंधार मात्र दोन्ही : वर जाताना शुद्ध, उतरताना कोमल. सगळा राग खरे तर या दोन गंधारांमधल्या चिंचोळ्या जागेत राहतो. शुद्ध गंधारावरून मध्यम घ्यायचा, मग कोमल गंधाराला स्पर्श करून षड्जावर यायचे. एवढ्या चार स्वरांत उजेड मावळून संध्याकाळ होते. गवयाला हे गळ्याने करता येते, कारण गळ्याला पडदे नसतात. सतारीवर तो उतार करायचा तर वादक षड्जाच्या पडद्यावर तार दाबतो, ती ओढून कोमल गंधारापर्यंत नेतो आणि मग सैल सोडत सोडत सुराला षड्जावर आणून ठेवतो. मिजराबीचा, म्हणजे बोटात घातलेल्या तारेच्या नखीचा, ठोक एकच, आणि त्या एका ठोकाचा नाद विझण्याच्या आत सगळा प्रवास पुरा व्हायला हवा. जोगच्या आलापात ही जागा वारंवार येते आणि प्रत्येक वेळी तार सैल करण्याचा वेग वेगळा असतो. एखाद्या वेळी ती जागा चटकन मिटते, एखाद्या वेळी कोमल गंधार इतका वेळ रेंगाळतो की आता नाद संपणार असे वाटते, आणि तेवढ्यात षड्ज लागतो. मी ही जागा कितीतरी वेळा मागे नेऊन ऐकली आहे. रविशंकरांची सतार गात नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी हा उतार एकदा हेडफोन लावून ऐकावा, एवढीच विनंती आहे.

इथे सतारीच्या बांधणीचा मुद्दाही येतो, कारण विलायत खाँ आणि रविशंकर यांच्या घराण्यांतला फरक पुष्कळसा तिथेच आहे. विलायत खाँ साहेबांनी आपल्या सतारीतून खर्जाची जाड तार काढून टाकली आणि गंधाराची तार घेऊन वाद्याला गळ्यासारखी नितळ, गोड बोलण्याची सवय लावली. रविशंकरांनी उलट खर्ज-पंचमाच्या जाड तारा जपल्या. मैहरची परंपरा बाबा अलाउद्दीन खाँ यांच्यामार्फत रामपूरच्या वझीर खाँ या बीनकारांपर्यंत, म्हणजे रुद्रवीणावादकांपर्यंत, जाते. त्यामुळे या सतारीचा आलाप ख्यालाकडे न पाहता धृपदाकडे आणि बीनेकडे पाहतो. खालच्या सप्तकात शिरायचे, तिथेच पुष्कळ वेळ राहायचे, एकेका सुराची पायाभरणी करून मगच वरची पायरी चढायची. आपण मराठी श्रोते रविशंकरांना ख्यालाच्या फूटपट्टीने मोजत आलो आणि ते कमी भरतात अशी कुरकुर करत राहिलो. जोगचा मंद्रातला आलाप ऐकताना माझ्या ध्यानात आले की फूटपट्टीच चुकली होती. धृपद गाणाऱ्या डागरबंधूंचा आलाप ऐकताना आपण जशी मनाची बैठक जमवतो, तशी इथे जमवावी लागते. ती जमली की खर्जाच्या तारेवरचा एकेक ठोक पोटात उतरतो, आणि त्यावर तानपुऱ्याची आस इतकी सलग राहते की दोन ठोकांमधली शांतताही सुरातच आहे असे वाटते.

आलापातून जोडात जाण्याची जागा मला विशेष आवडते. लय सुरू झाली आहे, हे आधी कळतच नाही. चिकारीचे, म्हणजे लय धरणाऱ्या बाजूच्या उंच सुरांच्या तारांचे, ठोक हळूहळू नियमित होऊ लागतात आणि मग केव्हातरी आपल्या लक्षात येते की आपली मान डोलू लागली आहे. पुढच्या काळातल्या त्यांच्या मोठ्या सभागृहांमधल्या ध्वनिमुद्रणांत हा टप्पा लवकर येतो, वेगाने चढतो आणि टाळ्यांकडे जातो. त्यात वाईट काही नाही, कारण हजारो लोकांसमोर वाजवताना कलावंताला त्यांचाही विचार करावा लागतो. इथे समोर कुणीच नव्हते. काचेपलीकडे बसलेले ध्वनिमुद्रक आणि सोबतचे साथीदार, एवढाच श्रोतृवर्ग असणार. दाद नाही, ‘क्या बात है’ नाही, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडणारी एखाद्या बुजुर्गाची थापही नाही. मैफिलीची सवय असलेल्या आपल्या कानांना सुरुवातीला ही उणीव जाणवते, पण थोड्या वेळाने तीच या ध्वनिमुद्रिकेची श्रीमंती ठरते. हा माणूस पहाटे एकट्याने रियाज करत असावा आणि आपण शेजारच्या खोलीत जागे असावे, तसे हे ऐकणे आहे.

मग तबला येतो, आणि इथे चतुरलाल यांच्याविषयी थोडे अधिक लिहिणे मला कर्तव्यच वाटते. रविशंकर आणि तबला म्हटले की आपल्या ओठांवर उस्ताद अल्लारखाँ यांचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. मुंबईतल्या रसिकांना तर ते घरचेच. पण त्यांच्या आधी, जेव्हा या संगीताची परदेशातली वाट अजून पडायची होती, तेव्हा आधी अली अकबर आणि मग रविशंकर यांच्यासोबत ती वाट तुडवणारे तबलावादक उदयपूरचे चतुरलाल होते. १९६५ मध्ये अवघ्या चाळिसाव्या वर्षी ते गेले. पुढचा सगळा प्रसिद्धीचा काळ त्यांनी पाहिला नाही आणि त्या काळाने त्यांना आठवणीत ठेवले नाही. या तबकडीवर त्यांचा डग्गा फार सुंदर बोलतो. तो गुरगुरत नाही, गोल आणि ओलसर बोलतो, आणि सतारीची ओळ जिथे संपते तिथे तिला टेकू देऊन थांबतो. साथ करताना ते सतारीच्या बोलांना शब्दाला शब्द देत बसत नाहीत. बराच वेळ साधा ठेका धरतात, आणि एखाद्या तिहाईआधी (तीनदा वाजवून समेवर संपणाऱ्या तुकड्याआधी) दोन-तीन मात्रांत एवढेच काही बोलून जातात की समेची वाट पाहण्यात आपण आपोआप सामील होतो. तबलजीला साथीदाराच्या पायरीवरून उचलून बरोबरीच्या आसनावर बसवण्याचे श्रेय रविशंकरांना दिले जाते. ते कसे घडले असेल, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा इथे ऐकणे चांगले. गतीच्या भागात सतार अनेकदा पाठीमागे सरकते आणि तबल्याला मोकळी जागा मिळते, पण त्या जागेचे प्रदर्शन झालेले नाही.

अहीर भैरवाच्या बाबतीत माझे मन थोडे खट्टू होते, आणि ते लिहिल्यावाचून परीक्षण प्रामाणिक होणार नाही. पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) भैरव, उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात) काफी, अशा या सकाळच्या रागाला कोमल रिषभाचे आंदोलन पुरेसे खोल जायला हवे. त्या एका सुरावरच पहाटेचा गारवा अवलंबून असतो. इथे तो रिषभ लागतो सुंदर, त्यावर मींडही (तार ओढून काढलेली सुरांची सलग घसरण) लांब आणि सावध आहे, पण १५ मिनिटांत राग उभा करून गतीलाही न्याय द्यायचा म्हणजे घाई होतेच. जोगला ज्या फुरसतीने वाढवले, ती फुरसत इथे नाही. रागात आता पुरते बुडालो असे वाटते, तोवर पुढचा टप्पा येतो. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. कोमल निषादावरून शुद्ध धैवतावर येताना ते जी हलकी घसरण ठेवतात, तिने या रागातली काफीची बाजू फार मायेने उजळते. भैरवाचे गांभीर्य आणि काफीची माया यांची सांधेजोड कुठे होते, हे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला दाखवायचे असेल तर ही १५ मिनिटे उपयोगी आहेत.

सिंहेंद्रमध्यमम् हा कर्नाटक संगीतातला ५७ वा मेलकर्ता, म्हणजे जनक राग. आपल्या ओळखीचा कीरवाणी घ्यावा आणि त्यातला शुद्ध मध्यम तीव्र करावा, म्हणजे हा राग मिळतो : रिषभ शुद्ध, गंधार कोमल, मध्यम तीव्र, धैवत कोमल, निषाद शुद्ध. कर्नाटक पद्धतीतले कितीतरी राग रविशंकरांनी उत्तरेत रुळवले, आणि आज कीरवाणी, चारुकेशी हे राग आपल्याकडच्या कुठल्याही मैफिलीत सहज वाजतात यात त्यांचा वाटा मोठा आहे. परदेशी श्रोत्यांसाठी पहिलीच मोठी ध्वनिमुद्रिका काढताना तीनपैकी एक राग दक्षिणेचा निवडणे, हे मला केवळ चवीसाठी केलेले वाटत नाही. भारतीय संगीत म्हणून जगापुढे काही ठेवायचे तर त्यात विंध्याच्या पलीकडचेही काही असावे, ही भूमिका त्यात दिसते. ११ मिनिटांतही तीव्र मध्यम आणि कोमल गंधार यांच्यातला ताण ते असा खेळवतात की ऐकणारा सावध बसतो. या रागात विसावा देणाऱ्या जागा थोड्या आहेत, आणि रविशंकर त्या शोधतही नाहीत. जोग संध्याकाळी एकट्याने ऐकण्याचा आहे, तर हा तुकडा मुलांना, नव्या श्रोत्यांना पहिल्यांदा ऐकवण्याजोगा आहे. माझ्या भाचीला, जिला शास्त्रीय संगीताचा फारसा लळा नाही, तिला हाच आधी आवडला.

अशी ध्वनिमुद्रिका विस्मरणात का गेली? मला वाटते, तिच्या पुढे जे घडले त्याच्या आकारामुळे. १९६६ मध्ये ‘बीटल्स’चे जॉर्ज हॅरिसन शिकायला आले, १९६७ मध्ये माँटेरेचा पॉप संगीत महोत्सव झाला, मेन्युइनबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी मिळाले, १९६९ मध्ये पावसात वुडस्टॉकचा महोत्सव झाला, १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठीची मैफल झाली, जिथे वाद्ये जुळवून होताच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा किस्सा आपल्याकडे गमतीने सांगितला जातो, आणि त्या गमतीत पंडितजींवरही थोडा शेरा असतो : पाहा, कुणापुढे वाजवत होते! या सगळ्या झगमगाटाच्या आधीचे, १९५६ चे, कुणाच्याही लाटेवर न आलेले वादन मग झाकले गेले. पाश्चात्त्य चाहत्यांना साठच्या दशकाचा रविशंकर हवा होता, आणि आपल्याला त्या दशकावरच्या रोषापोटी आधीचाही नकोसा झाला. वास्तविक परदेशातल्या जाणकारांपर्यंत त्यांचे वादन पोचले होते ते त्या काळातल्या अशा तबकड्यांवरूनच. जॅझमधले थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन त्यांचे वादन इतक्या आस्थेने ऐकत की त्यांनी आपल्या मुलाचे नाव रवी ठेवले. असे श्रोते झगमगाटाने जोडले जात नाहीत.

आपल्याकडची तक्रार मी नाकारत नाही. पंडितजींच्या उत्तरकाळातल्या काही मैफिलींत हिशेब पुढे आणि राग मागे, असे मलाही वाटले आहे. पण कलावंताचे मोजमाप त्याच्या सर्वांत गाजलेल्या दहा वर्षांवरून करायचे, ही सवय आपण गायकांच्या बाबतीत लावत नाही. भीमसेनजींचा तिशी-पस्तिशीतला आवाज शोधण्यासाठी आपण जुनी ध्वनिमुद्रणे धुंडाळतो, कुमारजींचे आजारपणाआधीचे तबकडीवरचे गाणे जपून ठेवतो. मुंबईत राहून किन्नर विद्यालय काढणाऱ्या, आपल्याच शहरात अनेक शिष्य तयार करणाऱ्या या सतारियाच्या वाट्याला तेवढी चिकाटी आपण दाखवली नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

आता ध्वनीविषयी आणि प्रत मिळवण्याविषयी. मुद्रण मोनो आहे, त्यामुळे सतार एका बाजूला आणि तबला दुसऱ्या बाजूला अशी मांडणी शोधू नये. दोन्ही वाद्ये समोर, एकाच ठिकाणाहून येतात, आणि माझ्या कानाला तरी बैठकीत बसल्यासारखे वाटते. डिजिटल आवृत्तीत खर्जाची तार भरीव ऐकू येते. चिकारी मात्र मोठ्या आवाजात थोडी टोचते, तेव्हा ट्रेबल जरा कमी करावे. स्ट्रीमिंगवर ऐकताना दोन गोष्टी पाळाव्यात. शफल बंद ठेवावे आणि एक गाणे दुसऱ्यात मिसळण्याची जी सोय असते तीही बंद ठेवावी, नाहीतर जोगच्या शेवटच्या षड्जावर अहीर भैरवाचा तानपुरा येऊन बसतो आणि रात्र व सकाळ यांची भलतीच गल्लत होते. मी तर तिन्ही राग एका बैठकीत ऐकतच नाही. जोग दिवेलागणीनंतर, अहीर भैरव सकाळी पहिल्या चहाआधी, आणि सिंहेंद्रमध्यमम् जेव्हा मन होईल तेव्हा. मोबाईलच्या स्पीकरवर ही ध्वनिमुद्रिका ऐकू नये, कारण खर्जाचा सगळा भाग, म्हणजे आलापाचा अर्धा जीव, त्यातून ऐकूच येत नाही.

तबकडीच हवी असलेल्यांसाठी एक सूचना. माझी प्रत मी एका जुन्या तबकड्यांच्या विक्रेत्याकडून घेतली, तेव्हा त्याने पहिली दोन मिनिटे लावून दाखवली आणि ती अगदी स्वच्छ होती, म्हणून मी पुढे काही न तपासता पैसे देऊन निघाले. घरी आल्यावर जोगचा शेवटचा द्रुत भाग चरचरत निघाला. तबकडीच्या केंद्राजवळच्या खोबणींत सुईला तेवढ्याच वेळात कमी अंतर मिळते, त्यामुळे तिथे आवाज आधीच नाजूक असतो, आणि २८ मिनिटांची बाजू केंद्राच्या फार जवळ जाऊन संपते. जुन्या, जड पिकअपवर (सुई धरणाऱ्या दांडीवर) वाजलेल्या प्रतीची झीज म्हणूनच सर्वांत आधी तिथे दिसते. तेव्हा दुकानात सुरुवात ऐकण्यात वेळ घालवू नये. सुई सरळ पहिल्या बाजूच्या शेवटच्या बोटभर पट्ट्यावर ठेवायला सांगावी, चतुरलाल यांचा तबला आणि चिकारी एकाच वेळी वेगात असताना दोन्ही वेगळे ऐकू येतात का ते पाहावे, आणि येत असतील तरच भावाची बोलणी करावीत.